बायोडाटातला 'वर्ण' आणि मेडिकलमधली ट्यूब

लग्न जमवायचे म्हटले की आधी बायोडाटा लागतो. नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उंची आणि त्याखाली एक रकाना : वर्ण. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी एक शब्द तिथे लिहायचा. 'काळा' हा शब्द मी आजवर एकाही बायोडाटात वाचलेला नाही. जणू आपल्या समाजात काळा माणूस जन्मालाच येत नाही! १९५६ नंतर आपण रास, गण, नाडी हे रकाने खोडले, कुंडली टाकली, मुहूर्त सोडला. हा एक रकाना तेवढा राहून गेला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्याचा सगळा डोलारा ज्या शब्दावर उभा आहे तोच शब्द आपण आपल्या हाताने टाईप करून वधू-वर मेळाव्यात वाटतो.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, इथे वर्ण म्हणजे कातडीचा रंग, चातुर्वर्ण्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे की नाही ते पुढे पाहू. आधी या रकान्याचे बिल कोण भरते ते पाहू. ते भरते आठवी-नववीतली मुलगी, आणि भरते ते मेडिकलच्या काउंटरवर.

कोणत्याही वस्तीतल्या मेडिकलसमोर संध्याकाळी अर्धा तास उभे राहा. शाळेच्या गणवेशातली मुलगी येते, चेपून रिकामी झालेली ट्यूब दाखवते आणि म्हणते, "हीच द्या." मेडिकलवाला चिठ्ठी विचारत नाही, वय विचारत नाही, कशासाठी हवी तेही विचारत नाही. ट्यूबचे नाव तिला कुठून कळले? मैत्रिणीकडून, मावशीकडून, पार्लरवालीकडून, आणि आता मोबाईलवरच्या व्हिडिओतून. ती तिला 'गोरी व्हायची क्रीम' म्हणते. पण त्या ट्यूबमध्ये असते बीटामेथासोन, मोमेटासोन, नाहीतर क्लोबेटासोल. ही सगळी स्टेरॉइडे आहेत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टरने नेमकी जागा आणि नेमके दिवस सांगून लावायला द्यायची ही औषधे. क्लोबेटासोल तर लावायच्या स्टेरॉइडांत सर्वांत जहाल गटातले. काही ट्यूबांत मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मिसळलेले असते. ते मिश्रण मोठ्या माणसांच्या गालावरच्या वांगासाठी, आणि तेही मोजके आठवडे. चौदा वर्षांच्या मुलीने रोज रात्री स्नोसारखे चोपडायची ही वस्तू नव्हे.

या औषधाचा कावा समजून घेतला पाहिजे, कारण पोरी मूर्ख म्हणून फसत नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे ट्यूब खरोखरच काम करते! स्टेरॉइडने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मुरुमांची सूज बसते, रंग फिका पडतो. चेहरा उजळलेला दिसतो. शेजारीण विचारते, काय लावतेस गं? मग आणखी दोन ट्यूबा खपतात. पुढे कातडी पातळ होऊ लागते. गालावर लाल शिरांचे जाळे दिसते, उन्हात गेले की आग होते, आधी नव्हते एवढे मुरुम येतात, हनुवटीवर आणि गालावर केस वाढतात. घाबरून ट्यूब बंद करावी तर चेहरा सुजतो, भाजल्यासारखा लाल होतो, खाजतो. पुन्हा लावली की शांत. म्हणजे दारूड्याला जशी सकाळी घोटभर लागते तशी कातडीलाच ट्यूबची सवय लागते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, असा त्याचा सरळ अर्थ. दुखण्याला वेगळे नाव द्यावे लागावे, इतके हे चेहरे त्यांच्या ओपीडीत येऊ लागले होते.

२०११ मध्ये देशातल्या बारा त्वचारोग केंद्रांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या २९ टक्क्यांनी ते गोरे होण्यासाठी किंवा रोजची साधी क्रीम म्हणून लावले होते, २४ टक्क्यांनी मुरुमांसाठी. आणि सुमारे ५९ टक्के लोकांना ते डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. उरलेल्यांना डॉक्टरनेच दिले होते, हेही विसरू नका. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मुलींबद्दल बोलताना मुलांना सोडून चालणार नाही. वसतिगृहात राहणारी, पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राऊंडवर घाम गाळणारी आपली पोरे पाहा. एका खोलीत चौघे-सहा जण, वाळायला जागा नाही म्हणून ओलसर राहिलेली चड्डी, एकमेकांचे टॉवेल. जांघेत गजकर्ण होते. दुखणे लाजेच्या जागेचे, म्हणून घरी सांगता येत नाही, वॉर्डनला तर नाहीच नाही. पोरगा मेडिकलवर जाऊन हळू आवाजात "खाजेची ट्यूब" मागतो. त्याच्या हातात पडते ती तीन-चार औषधांची मिसळ : एक बुरशीचे, एक जंतूंचे आणि त्यात स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, पोराला वाटते बरे झाले. खाली बुरशी आरामात पसरत राहते. गजकर्णाची ओळखीची गोल कडाही पुसली जाते, मग डॉक्टरलाही चटकन ओळखता येत नाही. महिनोन्‌महिने लावल्यावर मांड्यांवर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे चट्टे पडतात, आणि ते जन्मभर जात नाहीत.

हे एका पोराच्या मांडीपुरते राहिलेले नाही. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला अनेकदा दाद न देणारी गजकर्णाची एक बुरशी या उपखंडात माजली आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. या मिसळीच्या ट्यूबांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावाचे एक मोठे कारण असल्याचे तज्ज्ञ मानतात. वसतिगृहाच्या एका खोलीतली खाज कुठवर जाते ते पाहा!

आता कायदा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. 'ओव्हर द काउंटर' नावाचा कोणताही वर्ग या कायद्यात नाही. जे औषध चिठ्ठीच्या अनुसूच्यांत नाही ते आपोआप बिनचिठ्ठीचे, एवढाच हिशेब. अनुसूची एचमधले औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पण या अनुसूचीच्या टिपेत वर्षानुवर्षे एक पळवाट होती : अंगाला लावायची औषधे तिच्यातून वगळलेली. म्हणजे तेच स्टेरॉइड गोळीत असेल तर चिठ्ठी हवी, ट्यूबमध्ये असेल तर साबणासारखे विका! त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे मार्च २०१८ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून लावायची चौदा स्टेरॉइडे अनुसूची एचमध्ये आणली. मिसळीच्या औषधांचीही अशीच कथा. मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमही होत्या. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती बंदी रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रश्न तज्ज्ञ मंडळाकडे सोपवला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यातल्या ३२८ औषधांवर पुन्हा बंदी आली. मधली अडीच वर्षे ट्यूब विकत राहिली ती राहिलीच. आणि बंदीतून सुटलेल्या दुसऱ्या मिसळी आजही फळीवर आहेत.

थोडक्यात, कागदावर कायदा आता बराच ठीक आहे. वेष्टनावर इशाराही छापलेला असतो, की हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावे. पण तो छापलेला असतो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत! जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने तो वाचायचा कसा? अन्न व औषध प्रशासनाचा औषध निरीक्षक वर्षातून एखाद्या वेळी दुकानात येतो, तेव्हा बिलबुके नीट असतात. चिठ्ठीशिवाय विक्री केल्यास कलम २७ (ड) खाली किमान एक वर्ष, कमाल दोन वर्षे कैद आणि किमान वीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. मात्र २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हा गुन्हा तडजोडपात्र करून टाकला. म्हणजे दुकानदाराने रक्कम भरावी आणि खटल्यातून सुटावे. 'जनविश्वास' हे नाव कोणाच्या विश्वासासाठी ठेवले, ते ज्याने त्याने ठरवावे.

जाहिरातीचेही तसेच. त्याच १९४५ च्या नियमांना अनुसूची जे जोडलेली आहे. कोणते आजार किंवा कोणत्या गोष्टी साधण्याचा दावा औषधाने करूच नये, त्याची ती यादी. तिच्यात 'कातडीचा गोरेपणा' स्पष्ट लिहिलेला आहे. औषध आहे तर गोरेपणाचा दावा नको, आणि दावा करायचा असेल तर ते औषध नव्हे, इतका साधा प्रश्न. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यात गोरेपणाच्या औषधांचा समावेश करून जबर शिक्षा ठेवणारा मसुदा फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला होता. तो मसुदाच राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये, १९७५ पासून घराघरांत शिरलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. नावातला 'गोरेपणा' गेला आणि 'चमक' आली. बायोडाटातला रकाना मात्र आहे तिथेच आहे.

सगळा दोष मेडिकलवाल्यावर टाकून मोकळे होता येणार नाही, हेही सांगतो. खासगी स्किन स्पेशालिस्टची एका वेळची फी मोलकरणीच्या किंवा बिगाऱ्याच्या एका दिवसाच्या कमाईत बसत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात त्वचारोगाचा डॉक्टर असेलच याची खात्री नाही. ट्यूब मिळते चहापाण्याच्या पैशात. आणि वाचकहो, काउंटरच्या पलीकडे उभा असलेला माणूस प्रत्येक वेळी परका असतो असेही नाही. आपल्या समाजातली कितीतरी मुले डी. फार्म. करून, कर्ज काढून मेडिकल चालवतात. १४ एप्रिलच्या जयंतीची वर्गणी त्यांच्याकडे मागायला आपण जातोच. त्या वेळी पावतीबरोबर एक प्रश्नही विचारावा : शाळकरी मुलीला बिनचिठ्ठीची स्टेरॉइडची ट्यूब तू देतोस का?

मेडिकलच्याही खालचा एक बाजार आहे, बिननावाच्या डब्यांचा. पार्लरमधून, ऑनलाईन, कधी परदेशातून आलेली म्हणून विकली जाणारी क्रीम. तिच्यात पारा असू शकतो. केरळातल्या कोट्टक्कल येथे २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. हे केरळपुरते नाही. आपल्या अकोल्यात एकाच घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडे पारा असलेल्या क्रीमने बिघडल्याची बातमी जानेवारी २०२३ मध्ये सर्वांनी वाचली होती, आणि विसरलीही.

आता तो लांबणीवर टाकलेला प्रश्न. रंगाचा आणि जातीचा संबंध काय?

शास्त्र म्हणून विचाराल तर काहीही नाही, आणि हे आपल्याला बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले आहे. 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये त्यांनी दाखवले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया वंशाने एकच. जात ही वंशाची विभागणी नाही. एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक फाळणी आहे. त्याआधी अडीच हजार वर्षांपूर्वीचा वाद मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात आहे. ब्राह्मणांचा दावा तिथे नोंदलेला आहे, की आमचा वर्ण तेवढा शुक्ल आणि बाकीच्यांचा कृष्ण. भगवान बुद्ध अस्सलायन या तरुण विद्वानाला एकामागून एक प्रश्न विचारत जातात आणि शेवटी त्याला मान खाली घालून गप्प बसावे लागते. तेव्हा रंगाचा दावा आणि वर्णाचा दावा एकाच तोंडून येतो, ही काही माझी कल्पना नव्हे.

मग शास्त्रात नसलेला संबंध डोक्यात का आहे? कारण रोज तो शिकवला जातो. "वाटत नाही तुमच्यातली" हे वाक्य आपल्या किती गोऱ्या मुलींनी कॉलेजात कौतुक म्हणून ऐकले असेल! आणि सावळ्या मुलीला काय ऐकावे लागते ते तिला विचारा. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला मागच्या रांगेत उभे करतात. वर्गातली पोरे 'डांबर' म्हणतात. आणि घरी? घरी आजी म्हणते, हिला उजवायला जड जाणार. बाहेरचा टोमणा मुलगी एकवेळ सहन करते. घरातल्या टोमण्यावर तिच्याकडे एकच उत्तर असते आणि ते मेडिकलमध्ये मिळते. गोरी कातडी म्हणजे जातीच्या घरातून बाहेर पडायचा दरवाजा, असे तिला वाटते. ते तिला वाटायला लावणाऱ्यांत आपणही आहोत. पंचशीलेचा फलक लावलेल्या घरात सून पाहताना पहिला प्रश्न रंगाचा असतो, हे नाकारू शकेल असा कार्यकर्ता मला भेटायचा आहे.

या टोमण्याला न्यायालयात किती वजन येते तेही सांगतो. सातारा जिल्ह्यात १९९८ मध्ये एका बावीस वर्षांच्या विवाहितेने विहिरीत जीव दिला. नवरा रंगावरून आणि सासरा स्वयंपाकावरून टोमणे मारत, असा पुरावा आला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला शिक्षा केली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. असे टोमणे म्हणजे वैवाहिक आयुष्यातली भांडणे. फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेल्या मोठ्या दर्जाचा छळ तो नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. फौजदारी कायद्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, आणि तसा तो व्हायलाच हवा, हे मी वकील म्हणून मान्य करतो. पण मग उघड आहे की कोर्टाच्या काट्यावर जे वजन भरत नाही ते काढायला कोर्ट येणार नाही. ते ज्यांनी ठेवले त्यांनीच काढायचे आहे. वधू-वर मेळावे भरवणाऱ्या मंडळांचे बहुतेक पदाधिकारी हे दैनिक वाचतात. अर्जाचा नमुना त्यांच्याच संगणकात आहे. रंगाचा रकाना काढायला अधिसूचना लागत नाही, मसुदा लागत नाही, तज्ज्ञ मंडळ लागत नाही.

कायद्याच्या बाजूनेही करण्यासारखे आहे, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. १९४० च्या कायद्याचे कलम २६ सांगते की कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना स्वतः विकत घेतलेले औषध अथवा सौंदर्यप्रसाधन ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि त्याचा सहीचा अहवाल मिळवू शकते. पार्लरमधल्या बिननावाच्या डबीसाठी हे कलम वापरा. कलम ३२ प्रमाणे खटला फक्त निरीक्षकच भरू शकतो असेही नाही. बाधित व्यक्ती आणि मान्यताप्राप्त ग्राहक संघटना यांनाही तो अधिकार आहे. आपल्याकडे महिला मंडळे आहेत, युवक संघटना आहेत, वकिलांची तर आता कमतरता नाही. मेडिकलमधून ट्यूब घेताना पक्के बिल मागा. चिठ्ठी नसताना दिलेले बिल हाच पुरावा. एका वस्तीतून अशी दहा बिले एका अर्जाला जोडून सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे गेली आणि पोच घेतली, तर फाईल हलते. नुसत्या तोंडी तक्रारीने ती हलत नाही, हा माझा अनुभव आहे. वसतिगृहांच्या गृहपालांकडेही महिन्यातून एकदा त्वचेच्या तपासणीची लेखी मागणी करता येते. त्याबरोबर कपडे उन्हात वाळवायला दोरी आणि जागा मागा. गजकर्णाच्या बाबतीत दोरीचे महत्त्व औषधाहून कमी नाही.

आणि ज्या मुलीच्या दप्तरात आज ती ट्यूब आहे तिच्याशी रागावून बोलू नका. महिनोन्‌महिने लावत असेल तर घाबरून एकदम बंदही करायला लावू नका. चेहरा भडकेल आणि ती लपून पुन्हा लावील. त्वचारोगाच्या डॉक्टरकडे न्या, तो ती पायरीपायरीने कमी करतो. जिल्हा रुग्णालयासह सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. त्वचेच्या ओपीडीचा वार आधी विचारून घ्या. आणि जाताना ट्यूब कचऱ्यात टाकू नका, सोबत न्या. रिकामी असली तरी चालेल, तिच्यात काय होते ते डॉक्टरला वाचता आले पाहिजे.